मोर्गों २०२२: छोट्या मळ्यातली एक रेड वाइन, ऑर्डर द्यायच्या आधीच्या नोंदी

३१ जानेवारी २०२४, बुधवार

ऑफिसच्या वाइन ग्रुपची वसंतातली ऑर्डर ठरवायची आहे, आणि यंदा एकाने बोजोलेमधल्या छोट्या मळ्याची एक मोर्गों सुचवलीय, मळ्यावर जाऊन घेतली तर बाटली पंधरा युरोला. इथे फ्रान्समधल्या लियोंमध्ये असे ग्रुप बऱ्याच ऑफिसांत असतात, वीस-तीस जण मिळून थेट मळ्यातून खोकी मागवतात, मधल्या दुकानदाराचं मार्जिन वाचतं. मी फूड लॅबमध्ये काम करते म्हणून "तूच तपासून सांग" असं काम माझ्या गळ्यात आलं. हरकत नाही, पण तपासायचं तर नीट, एका संध्याकाळी दोन घोट घेऊन "छान आहे हं" म्हणायचं आणि त्यावर शंभरेक बाटल्या मागवायच्या हे मला जमणार नाही.

मळा सात हेक्टरचा, म्हणजे सतरा एकरच्या आसपास. आमच्या पिंपळगाव बसवंतकडे एवढी द्राक्षबाग असेल तर माणूस मोठा बागाईतदार म्हणून मिरवतो, इथे हा छोटा. नवरा-बायको दोघं आणि तोडणीला हंगामी माणसं, बस.

ग्रुपमधल्या नवीन लोकांसाठी थोडक्यात: लियोंच्या उत्तरेला बोजोले, त्याच्या वरच्या भागात दहा 'क्रू' म्हणजे वरच्या दर्जाचे ठरवून दिलेले पट्टे, मोर्गों त्यातला एक, १९३६ पासूनचा. द्राक्ष एकच, गामे. या गामेवर १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, चक्क बंदी घातली होती, दगाबाज जात म्हणून. आणि आपल्या काळात नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या 'नूव्हो' म्हणजे त्याच हंगामातल्या कोवळ्या वाइनमुळे लोकांना वाटतं बोजोले म्हणजे केळ्याच्या वासाचं सरबत. मोर्गों त्यातली नाही, चांगली निघाली तर आठ-दहा वर्षं आरामात टिकते.

३ फेब्रुवारी, शनिवार

मळ्यावर जाऊन आलो. बेलव्हिलपर्यंत ट्रेन, तिथून व्हिलिए-मोर्गोंला मालकानेच गाडीने नेलं. छाटणी चालू होती, थंडी मरणाची. नाशिककडे आत्ता तोडणीचा सीझन, वाइनरीबाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि इथे वेली नुसत्या काळ्या खोडक्या. छाटणी जुन्या पद्धतीची, तारा नाहीत मांडव नाही, प्रत्येक वेल एकटीच उभी आणि वर चार-पाच फाटे. हेक्टरी आठ-दहा हजार वेली. तोडणी हातानेच करावी लागते कारण पूर्ण घड न फुटता टाकीत जायला हवेत.

हा पूर्ण घडांचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर. घड तसेच सिमेंटच्या टाकीत भरतात, खालचे वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि टाकी भरते, मग वरच्या अखंड मण्यांच्या आत, ऑक्सिजन नाही म्हणून, मण्याच्या स्वतःच्याच एन्झाइम्सनी थोडा अल्कोहोल तयार होतो आणि सोबत तो फळाचा, फुलाचा भपकारा येतो. नूव्होवाले हे चार-पाच दिवसांत उरकतात, हा माणूस दोन आठवडे ठेवतो, त्यामुळे टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, पण उतरतं.

त्याची बाग कोर्सेलेत भागातली, जमीन ग्रॅनाइट झिजून झालेली वाळू, मुठीत घेतली तर बोटांतून सांडते. मोर्गोंचं जास्त नाव आहे ते कोत द्यु पी टेकडीचं, तिथला दगड निळसर आणि वाइन जाडजूड, कोर्सेलेतची त्यामानाने हलकी आणि जास्त सुगंधी असं सगळेच सांगतात.

तळघरात चव घेतली पण मार्क दिले नाहीत, मुद्दामच. तापमान दहा डिग्री असेल, एवढ्या थंडीत वास बंद होतो आणि आंबट-तुरट पुढे येतं. शिवाय मालक समोर उभा, हात छाटणीने फुटलेले, त्याची बायको सॉसेज कापून देतेय, आजोबांच्या गोष्टी चालल्यात, अशा वेळी कुणाला वाइन वाईट लागेल? छोट्या मळ्यांच्या बाबतीत हा बोनस आपण नकळत देतोच आणि मला नेमका तोच वजा करायचाय. एक खोकं विकत घेऊन आलो.

निघताना तो म्हणाला की बाटलीत भरताना त्याने सल्फर (वाइन बिघडू नये म्हणून घालतात ते) घातलेलं नाही, आणि हे त्याने अभिमानाने सांगितलं. नोंद करून ठेवते.

७ फेब्रुवारी, बुधवार

मांडणी ठरली. ग्लास तो छोटा आयएसओ टेस्टिंग ग्लास, २१५ मिलीचा, त्यात ५० मिली ओतायची, म्हणजे फिरवायला जागा राहते. तापमान १५ डिग्री. वेळ सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाआधी, कारण जेवल्यावर नाक आळसावतं. त्या दिवशी परफ्यूम नाही, फोडणी नाही, कॉफी तासभर आधी बंद. थुंकायला भांडं. (सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ते भांडं दिसलं, "एवढी महागाची आणि थुंकता?" बरोबरच आहे त्यांचं.)

मार्क वीसपैकी, फ्रान्समध्ये तीच सवय आहे. शंभरपैकी देण्यात मला अर्थ वाटत नाही, ८९ आणि ९० मधला फरक कुणाच्या जिभेला कळतो ते दाखवा आधी. बघायचं चारच गोष्टी: तोल कसा आहे, वास-चव किती ठळक आहे, किती पदर आहेत आणि थुंकल्यावर चव किती वेळ राहते.

लेबल वाचून घेतलं. १३.५ टक्के अल्कोहोल. झाकणावरच्या टोपीला मारियानचा, म्हणजे फ्रान्सचं प्रतीक असलेल्या बाईचा, शिक्का, त्यात R, म्हणजे द्राक्ष पिकवणाऱ्यानेच वाइन केलीय, विकत घेऊन भरलेली असती तर N असता. आकडा ६९, रोन जिल्ह्याचा. "सल्फाइट (म्हणजे तेच सल्फर) आहे" अशी ओळ आहेच, ती लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरोपात लिहावीच लागते आणि तेवढं तर यीस्ट स्वतःच बनवू शकतं, त्यामुळे मालकाचं बोलणं आणि लेबल यात भांडण नाही. घटकांची यादी नाही कारण तो नियम ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला लागू, ही त्याआधीची.

१० फेब्रुवारी, शनिवार

पहिली बाटली उघडली. रंग मध्यम, जांभळ्या कडेचा माणिक, थोडी गढूळ, फिल्टर केलेली नाही. पहिल्या मिनिटाला वास काडेपेटीचा, काडी ओढल्यावर येतो तसा. घाबरायचं कारण नाही, हवा न मिळाल्याने गंधकाची संयुगं साठतात, ग्लास फिरवला की दहा मिनिटांत उडतात, गेलाच.

मग जे आलं ते मात्र खरंच सुंदर. काळी चेरी, चेरीची बी फोडल्यावर येतो तो बदामी वास, व्हायोलेटचं फूल, मागे किंचित मिरी. केळं अजिबात नाही. नवरा म्हणाला पिकलेलं करवंद, आणि ते इतकं बरोबर होतं की मी शीटवर तेच लिहिलं, वाइनच्या परीक्षेच्या यादीतलं ब्लॅकबेरी आम्ही दोघांनीही पंचविशीपर्यंत खाल्लं नव्हतं. तोंडात आंबटपणा मध्यम, तुरटपणा बारीक दाण्याचा, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो त्याच्या अर्ध्याने. २०२२ चा उन्हाळा कडक होता, पाऊस कमी, तोडणी ऑगस्टअखेरीलाच सुरू झाली, त्यामुळे फळ पूर्ण पिकलेलं कळतं, पण जॅमकडे झुकलेलं नाही आणि अल्कोहोल घशाला टोचत नाही. थुंकल्यावर आठ-नऊ सेकंद चव.

१५.५. पण हे मार्क बाटली समोर दिसत असताना दिलेत, त्यामुळे पेन्सिलने.

११ फेब्रुवारी, रविवार

अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये होती. आज कालपेक्षा चांगली. काडेपेटी नाही, फूल जास्त, तुरटपणा मऊ. आजचे १६.

दुपारी थालीपीठ आणि लोण्याबरोबर मस्त लागली, संध्याकाळी सुकटीच्या चटणीबरोबर तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं झालं. रेड आणि सुकी मासळी हा प्रयोग कुणी करू नये.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गडबड आहे. नाकाला सगळं ठीक, चेरी आहे, फूल जरा उतरलंय पण आहे. तोंडात घेतली, ठीक. थुंकली, आणि पंधरा-वीस सेकंदांनी मागून एक घाणेरडी चव वर आली, उंदराच्या पिंजऱ्यातल्या भुशाची, शिळ्या पॉपकॉर्नची. ती जाईचना. पाणी प्यायले, ब्रेड खाल्ला, पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

नवऱ्याला दिली, तो म्हणे "अगं काही नाही, चांगली तर आहे." त्याला खरंच काही लागत नव्हतं. मी वैतागले आणि मला स्वतःचाच संशय यायला लागला. मग लॅबमधली युक्ती केली: चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून मनगटावर लावला, त्यावर वाइनचे दोन थेंब, चोळलं आणि वास घेतला. भपकन आला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

काल काय झालं ते ग्रुपसाठी लिहून ठेवते कारण प्रश्न येणारच.

या दोषाला इथे सरळ 'उंदराची चव' म्हणतात. लॅक्टिक बॅक्टेरिया किंवा ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट काही नायट्रोजनवाली संयुगं बनवतं. वाइनचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, त्या आंबटपणात ही संयुगं हवेत उडतच नाहीत, म्हणून ग्लासमध्ये नाक घालून कितीही हुंगलं तरी पत्ता लागत नाही. तोंडात लाळ मिसळते, लाळेचा पीएच सातच्या जवळ, मग ती मोकळी होतात आणि घशामागून नाकात चढतात. म्हणूनच उशीर, म्हणूनच सोडा. सगळ्यांच्या तोंडातली परिस्थिती सारखी नसते आणि सगळ्यांचं नाकही सारखं नसतं, त्यामुळे बऱ्याच लोकांना हा दोष कळतच नाही. नवरा त्यातला, नशीबवान आहे.

आणि गंमत म्हणजे या संयुगांतलं एक, २-ॲसिटिल-१-पायरोलिन, तेच आहे ज्याच्यामुळे बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला तो वास येतो. मावळातला आंबेमोहोर शिजत असला की गल्लीभर दरवळतो आणि आपण कौतुक करतो, तेच वाइनमध्ये आलं, जोडीला त्याचे भाऊबंद घेऊन, की बाटली बेसिनमध्ये. आता मला काल नेमकं काय ओळखीचं आणि तरी नकोसं वाटत होतं ते कळलं.

सल्फर याच्यासाठीच घालतात. बोजोले हे कमी-सल्फर वाइनचं माहेर आहे, ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) नावाचा रसायनं जाणणारा वाइन व्यापारी इथलाच, त्याच्या मार्गाने मार्सेल लापिएर आणि व्हिलिए-मोर्गोंचे बाकीचे लोक ऐंशीच्या दशकात गेले. पण शोव्हे मायक्रोस्कोप घेऊन बसणारा माणूस होता, त्याचा भर स्वच्छतेवर आणि निरोगी द्राक्षावर. नुसतं सल्फर बंद केलं की काम झालं असं त्याने कधी मानलं नसतं. हे माझं मत, मालकाला सांगायची हिंमत नाही.

एका बाटलीवरून निकाल द्यायचा नाही. पुढे जायचं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

अंधारातली चाचणी. नवऱ्याने पाच बाटल्या पायमोज्यात घालून नंबर दिले: आपली, सुपरमार्केटमधली मोठ्या कंपनीची मोर्गों, कोत द्यु पीची एक महागडी, शेजारच्या फ्लरीची एक, आणि फसवायला दुसऱ्याच भागातली एक कोत द्यु रोन. ग्रुपमधले तिघं आणि मी. सगळ्या बाटल्या ताज्या उघडलेल्या.

काळे ग्लास मिळाले असते तर बरं झालं असतं, कारण डोळा फार लुडबुड करतो. बोर्दोमध्ये वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला होता, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं, २००१ सालचा पेपर आहे. आपण तर साधी माणसं.

निकाल: कोत द्यु पी पहिली, आपली दुसरी, तीही अगदी थोडक्याने. महागडीची किंमत आपल्या जवळपास दुप्पट. फ्लरी तिसरी, सुपरमार्केटवाली शेवटून दुसरी, तिच्यात केळं आणि च्युइंगगम होतं. कोत द्यु रोन चौघांनीही ओळखली. आपल्या वाइनला मी न बघता दिलेले मार्क १५.५, म्हणजे शनिवारची पेन्सिल पुसायची गरज नाही. मळ्यावरचा पाहुणचार, मालकाचे हात, यातलं काही बाटलीत नव्हतं तरी तिने मार्क कमावले.

सगळ्या बाटल्या बूच लावून सारख्याच फ्रिजमध्ये ठेवल्या.

२१ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवसांनंतर. कोत द्यु पी दमलीय पण स्वच्छ. फ्लरी स्वच्छ. सुपरमार्केटवाली जशीच्या तशी, तिला काही होत नाही. आपल्या वाइनमध्ये उंदीर. ग्रुपमधल्या तिघांपैकी दोघांना लगेच लागला, एक बाई म्हणाल्या "आधी नव्हता ना हा?" तिसऱ्याला नाही. सोड्याने पुन्हा खात्री.

म्हणजे त्या एका बाटलीचा दोष नव्हता. ताजी उघडली तर दुसऱ्या दिवसापर्यंत पंधरा युरोत याहून चांगली मिळणं कठीण, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हवा लागून दोष बाहेर येतो. आमच्या ग्रुपमध्ये एकटे राहणारे बरेच आहेत, रोज एक ग्लास पितात, त्यांच्या बाटलीला आठवडा जातो. त्यांना ही देऊन कसं चालेल.

मालकाला मेल लिहिला. फ्रेंचमध्ये असं लिहिणं मोठं नाजूक काम, आधी दोन परिच्छेद स्तुती, मग लॉट नंबर, मग विचारलं की बाटलीबंदीच्या वेळी नेमकं काय केलं होतं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं, आणि रागावलेलं नाही. त्याने लिहिलंय की २०२२ दोन वेळा भरली: पहिली एप्रिल २०२३ मध्ये, काहीही न घालता, आमचं खोकं त्यातलं. दुसरी ऑगस्टमध्ये, तेव्हा कडक उन्हाळ्यात त्याला भीती वाटली म्हणून हेक्टोलिटरला (शंभर लिटरला) २ ग्रॅम सल्फर घातलं. म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, युरोपात साध्या रेडला एकूण १५० पर्यंत चालतं, सेंद्रियला १००, त्यामुळे हे तसं चिमूटभरच. लेबल तेच, फक्त लॉट नंबर वेगळा. तोंडी सांगताना त्याने फक्त पहिलीचं सांगितलं होतं, साहजिक आहे, विकताना आपण धाकट्या मुलाच्या परीक्षेतले मार्क सांगत नाही.

दुसऱ्या लॉटचं एक खोकं मागवलं.

९ मार्च, शनिवार

ऑफिसच्या कँटीनमध्ये त्रिकोण चाचणी. प्रत्येकाला तीन ग्लास, दोन एका लॉटचे, एक दुसऱ्याचा, वेगळा कुठला ते सांगायचं. बारा जण होते, ग्लास मांडायचे सहा प्रकार होतात, प्रत्येक प्रकार दोघांना दिला. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, त्यामुळे बारातले चार फुकटचे, आठ जणांना बरोबर ओळखता आलं तरच फरक खरा मानायचा.

आधी दोन्ही लॉट ताजे उघडून: पाच बरोबर. म्हणजे ताज्या बाटलीत सल्फरने चवीचं काही बिघडवलेलं नाही, निदान या लोकांना तरी कळत नाही, आणि मलाही कळलं नाही. जे म्हणतात की सल्फर घातलं की वाइन मेली, त्यांना हे एकदा करून बघा म्हणावं.

मग मंगळवारी उघडून ठेवलेल्या बाटल्या: नऊ बरोबर. आणि नऊही जणांनी पहिल्या लॉटलाच नाकं मुरडली. दुसरा लॉट चौथ्या दिवशी थोडा सपाट, फूल गेलेलं, पण चेरी शाबूत आणि शेपूट, म्हणजे थुंकल्यावर मागे राहणारी चव, स्वच्छ.

उरलेलं सॉसेज आणि ब्रेडबरोबर संपलं, साफसफाई नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

१२ मार्च, मंगळवार

ग्रुपला पाठवलेली नोंद इथेही चिकटवते:

"मोर्गों २०२२, कोर्सेलेत. २० पैकी १५.५. घ्यावी. फक्त दुसरा लॉट, ऑगस्टमध्ये भरलेला, बाटलीच्या मागच्या लेबलाच्या खालच्या कडेला नंबर आहे तो तपासून घ्या. पहिला लॉट कुणाला हवाच असेल तर पार्टीसाठी घ्या, उघडली की त्याच रात्री संपवा. फ्रिजमधून काढून जरा वेळाने, १४-१५ डिग्रीला प्या, खोलीच्या तापमानाला नको. पुढची तीन-चार वर्षं ठेवायला हरकत नाही, त्यापुढे ठेवायची तर दुसऱ्या लॉटमधलीच. मसालेदार जेवणाबरोबर जपून, तिखटावर अल्कोहोल चढून जळजळ वाढते, चिकन रोस्ट, मशरूम, सॉसेज याच्याबरोबर उत्तम."

मालकाकडे दुसऱ्या लॉटच्या आता दीडशेच बाटल्या आहेत असं तो म्हणतो. आमच्या आजपर्यंत ९६ नोंदवल्या गेल्यात. पैसे शुक्रवारपर्यंत जमा करायचे, आणायला व्हॅन कोण देतंय ते अजून ठरलेलं नाही.